नेत्सुके

कमरेला टांगलेल्या वस्तूची दोरी घसरू नये म्हणून तिच्या टोकाला ओवलेले, मुठीत मावेल एवढे जपानी कोरीव शिल्प. एदो काळात (१६०३–१८६८) पुरुषांच्या पोशाखात ते रुळले आणि त्याच काळात या कामातून एक स्वतंत्र कला उभी राहिली. बहुतेक नेत्सुके ३ ते ५ सेंटिमीटरचे असतात. ‘ने’ म्हणजे मूळ आणि ‘त्सुके’ म्हणजे जोडणे. त्यावरून, सुरुवातीला लोक झाडाच्या मुळाचा तुकडा, शिंपला, छोटा भोपळा असे हाताला लागेल ते दोरीला बांधत असावेत, असा तर्क केला जातो.

लहान आकाराच्या कलावस्तूंबद्दल बोलताना ‘गोंडस’ हा शब्द पटकन तोंडी येतो. नेत्सुकेच्या बाबतीत तो बाजूला ठेवलेला बरा. इथे लहान आकार हौसेने निवडलेला नाही, तो कमरेने ठरवून दिला. वस्तू जरा मोठी झाली तर पोटाला रुतणार, जरा लहान झाली तर पट्ट्याखालून निसटणार. या दोन अडचणींच्या मधल्या बोटभर जागेत कारागिरांनी दोन-अडीच शतके काम केले.

किमोनोला खिसे नसतात. आपल्याकडे धोतराच्या कनवटीला पैसे किंवा चंची खोचत. जपानी पुरुषाने आपल्या वस्तू खोचण्याऐवजी टांगल्या. तंबाखूचा बटवा, चिलमीची नळकांडी, पैशांची थैली किंवा ‘इनरो’ म्हणजे एकावर एक बसणाऱ्या चपट्या डब्यांची औषधाची पेटी, यांची दोरी ‘ओबी’ या कमरपट्ट्याच्या आतून वर घेत आणि वरच्या टोकाला नेत्सुके अडकवत. दोरीवर मध्ये एक मणी असे, त्याला ‘ओजिमे’ म्हणत. तो खाली सरकवला की पेटी घट्ट बंद होई. तंबाखू सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांबरोबर जपानात आली. राज्यकर्त्यांनी सुरुवातीला तिच्यावर बंद्या घातल्या, पण व्यसन सर्व थरांत पसरलेच आणि बटव्याबरोबर नेत्सुकेही पसरले. व्यापारी वर्गाच्या हाती पैसा होता, मान मात्र खालचा. कपड्यांत आणि घरात थाट करण्यावर सरकारी निर्बंध असत. कमरेवरच्या एवढ्याशा तुकड्यावर केलेला खर्च सहसा कुणाच्या डोळ्यांत खुपत नसे. ज्याला कळायचे त्याला तो बरोबर कळत असे.

घडणीचे नियम वापरातून आले. रेशमी कपड्यात अडकेल असे टोक कुठेही नको, मोडेल असा बारीक अवयव नको. म्हणून नेत्सुकेतला उंदीर स्वतःची शेपटी पोटाशी गुंडाळून बसतो, सारस मान पाठीवर टेकवतो, बैल पाय दुमडून खाली बसलेला असतो. ही सक्ती चांगल्या कारागिराने अशी पचवली की पाहणाऱ्याला वाटावे, प्राणी थंडीने किंवा झोपेने आपसूकच असा आक्रसला आहे. दोरी ओवण्यासाठी दोन भोके लागतात; त्यांना ‘हिमोतोशी’ म्हणतात. गाठ आत दडावी म्हणून त्यातले एक पुष्कळदा मोठे ठेवतात. जाणता कारागीर वेगळी भोके न पाडता वाकलेला हात आणि अंग यांच्यामधली फटच दोरीसाठी वापरतो. तळही मोकळा सोडत नाहीत. प्राणी उलटा केला की पोट, पंजांच्या गाद्या, दुमडलेली बोटे हे सगळे कोरलेले दिसते.

अंगाभोवती सर्व बाजूंनी कोरलेल्या शिल्पाला ‘काताबोरी’ म्हणतात. याशिवाय त्याच नावाच्या मिठाईसारखे चपटे-गोल ‘मांजू’, धातूची चकती झाकणासारखी बसवलेले ‘कागामिबुता’ आणि पट्ट्यात उभे खोचायचे लांबट ‘साशी’ असे प्रकार आहेत. सामग्रीत त्सुगे हे पिवळसर, घट्ट पोताचे लाकूड आणि हस्तिदंत सर्वांत जास्त. शिवाय हरणाचे शिंग, रानडुकराचा सुळा, बांबू, लाख, चिनी माती. शामिसेन या तंतुवाद्याच्या मोठ्या नख्या हस्तिदंताच्या करीत. त्यातून उरलेले त्रिकोणी तुकडे कोरणाऱ्यांकडे येत, आणि काही जुन्या नेत्सुकेंचा त्रिकोणी बेत तिथूनच आला असे मानतात.

कौशल्याची एक युक्ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. बेडकाच्या पाठीवरच्या पुळ्या कोरायच्या, तर प्रत्येक पुळीभोवतीचे लाकूड खरवडून काढावे लागेल, आणि एवढ्याशा जागेत पटाशीच्या खुणा लपणार नाहीत. ‘उकिबोरी’ या पद्धतीत कारागीर उलटीकडून जातो. बोथट हत्याराने लाकडात बारीक खळगे दाबायचे, मग त्या खळग्यांच्या तळाच्या पातळीपर्यंत सगळा पृष्ठभाग तासून सपाट करायचा. आता काहीच दिसत नाही. मग लाकूड ओले करायचे. दाबले गेलेले तंतू पाण्याने फुगतात आणि पुळ्या आपोआप वर येतात. इसे प्रांतातल्या यामादा इथल्या मासानाओ घराण्याचे बेडूक या कामासाठी नावाजलेले आहेत.

ओसाकात १७८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः तलवारीच्या साजाविषयीच्या ‘सोकेन किशो’ या ग्रंथात पन्नासहून अधिक नेत्सुके-कारागिरांची नोंद आहे. त्यात चित्रकार योशिमुरा शूझानचे नाव येते. तो रंगवलेल्या लाकडाची कामे करी आणि त्यांवर सही करत नसे. क्योतोच्या तोमोतादाचे बैल इतके गाजले की त्यांच्या नकला त्याच काळात निघाल्या. त्याची सही पाहून आनंदण्याआधी जाणकार आजही दचकतात. इवामी प्रांतात सेइयोदो तोमिहारूने (१७३३–१८१०) रानडुकराच्या सुळ्यावर कोळी, गोम, बेडूक कोरले आणि शेजारी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत मजकूर. त्याची मुलगी बुन्शोजो (१७६४–१८३८) ही या पुरुषी धंद्यात स्वतःच्या नावाने सही करणारी कारागीर होती.

विषयांत एकेका वर्षाला नेमलेल्या राशीसारख्या बारा प्राण्यांपासून दंतकथेतल्या लांबहात्या-लांबपाया जोडीपर्यंत सगळे येते, आणि त्यात विनोद भरपूर. एक आवडता प्रसंग असा : माणूस सोटा उगारून सापळ्यावर दात-ओठ खात वाकलाय आणि उंदीर त्याच्याच पाठीवर चढून बसलाय. समोरून पाहिले तर नुसता राग दिसतो, उंदीर कळायला वस्तू फिरवावी लागते. दुसऱ्या एका प्रकारात अर्धवट उघडा शिंपला असतो आणि त्याच्या आत झाडे, जिने, महाल. शिंपल्याच्या श्वासातून मृगजळाचा महाल उठतो, या जुन्या समजुतीवर तो बेतलेला आहे.

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस (१९०८–२००९) यांनी लहान प्रतिकृतींच्या ओढीचे एक कारण दिले आहे : आकार घटला की वस्तू भागांच्या आधी सबंध कळते आणि आपण तिच्यावर मात केल्यासारखे वाटते. बाहुलीघराला ते लागू पडेल. नेत्सुके मात्र एका नजरेत कळतच नाही. पाठीवरचा उंदीर, तळाचे पंजे, आतला महाल हे एकेक करून हातात उलगडते, आणि अर्धे काम बोटांकडे असते. वर्षानुवर्षे हाताळून गुळगुळीत झालेल्या, कडा मऊ पडलेल्या, रंग खोल गेलेल्या अवस्थेला ‘नारे’ म्हणतात. संग्राहक तिला झीज न मानता गुण मानतात, आणि खोटी ‘नारे’ आणणारेही आहेतच. संग्रहालयाच्या काचेमागे ठेवलेले नेत्सुके म्हणूनच थोडे बिचारे दिसते. पुस्तकातल्या छायाचित्राची फसवणूक वेगळी. तिथे पानभर मोठा केलेला वाघ देवळाच्या दारातला वाटतो आणि तरीही त्यातली रचना ढिली पडत नाही. कोरणाऱ्याच्या ताकदीची ही खरी परीक्षा. बऱ्याच सुमार नगांचे पितळ तिथेच उघडे पडते.

१८६८ नंतर मेइजी काळात पाश्चात्त्य कोट आले. कोटाला खिसे होते. बटव्याची जागा सिगारेटने घेतली आणि नेत्सुकेचे कमरेवरचे काम संपले. तोवर युरोपात जपानी वस्तूंचे वेड पसरले होते, त्यामुळे कारागिरांना गिऱ्हाईक मिळाले, पण ते टेबलावर ठेवण्यासाठी घेणारे. ‘ओकिमोनो’ ही शोभेची शिल्पे त्यातून वाढली. त्यांना भोके नसतात आणि कमरेच्या वापराचे बंधन नसल्याने हातपाय मोकळे पसरलेले असतात. कसब कमी नसले तरी त्यांतला ताण गेलेला जाणवतो. पुढे त्यांतल्या काहींना भोके पाडून नेत्सुके म्हणून विकण्यात आले. ओसाकाचा काइग्योकुसाइ मासात्सुगु (१८१३–१८९२) हा या दोन्ही काळांत हात असलेला थोर कारागीर.

१९९० पासून हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आल्यावर आजचे कारागीर लाकूड, शिंग, तागुआ हे कठीण बी अशा साहित्याकडे वळले. राजपुत्र ताकामादो (१९५४–२००२) आणि त्यांच्या पत्नी हिसाको यांनी समकालीन कारागिरांची कामे जाणीवपूर्वक जमवली. तो संग्रह तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. क्योतोत एका जुन्या सामुराई वाड्यात २००७ साली फक्त नेत्सुकेंचे संग्रहालय उघडले. देवळांबाहेरच्या दुकानांत मात्र किल्लीला किंवा मोबाइलला लावायच्या घुंगरूवाल्या लटकनालाही ‘नेत्सुके’च म्हणतात. पूर्वी त्याच्या आधाराने दुसरे काही लोंबत असे, आता ते स्वतःच लोंबते.