वरातीतली काळी नळी: सनई की क्लॅरोनेट?

खान्देशातल्या लग्नात ही गल्लत हमखास होते. बँड रंगात येतो, सगळ्यांच्या पुढे चाल धरणाऱ्या वादकाकडे बोट दाखवत एखादे आप्पा म्हणतात, "सनई कशी वाजी राहिनी!" त्याच्या हातात खाली कर्ण्यासारखी पसरलेली काळी नळी असते खरी, पण तिच्यावर चमकत्या चाव्यांचं जाळं असतं. ते क्लॅरोनेट आहे. दोन्ही वाद्यं लाकडाची, फुंकून वाजायची, मंगलकार्यातली. म्हणून चाव्या लावलेली सनई म्हणजे क्लॅरोनेट, असं बऱ्याच जणांना वाटतं. फरक मात्र चाव्यांच्या फार आधी, नळीच्या पोटातच सुरू होतो.

आधी तोंडाकडचा भाग पाहू. सनईला दुहेरी पत्ती असते. दोन पातळ पापुद्रे समोरासमोर. वादक ते ओठांत धरतो आणि फुंकर मधून जाताना ते एकमेकांवर थरथरतात. क्लॅरोनेटची पत्ती एकच. ती माउथपीसच्या सपाट बाजूवर पट्टीने आवळलेली असते. वादक वरचे दात माउथपीसवर टेकवतो आणि खालचा ओठ दातांवर दुमडून पत्तीखाली घेतो. लांबून ओळखायचं असेल तर सनईला जादा पत्त्या आणि सुई दोऱ्याने लटकताना दिसतात. शेजारी बहुधा दुसरा सनईवाला नुसता सूर धरून उभा असतो.

खरी गंमत पुढे आहे. सनईची नळी आतून निमुळती, तोंडाशी अरुंद आणि खाली रुंद होत जाणारी. क्लॅरोनेटची नळी बहुतेक लांबीभर एकाच रुंदीची, कर्णा येईपर्यंत. एका टोकाला पत्तीने बंद झालेल्या अशा सरळ नळीत हवा वेगळ्या तऱ्हेने कंप पावते, आणि त्याचे दोन परिणाम थेट कानाला कळतात.

पहिला म्हणजे खर्ज. नेहमीचं क्लॅरोनेट सुमारे 66 सेंटीमीटर लांब. पाश्चात्य फ्लूट जवळजवळ तेवढीच, पण ती साधारण 262 हर्ट्झच्या खाली उतरत नाही. क्लॅरोनेट 147 हर्ट्झपर्यंत जातं. त्याचा खालचा, घुमणारा, किंचित पोकळ वाटणारा आवाज सनईत कधीच मिळणार नाही. या सुरांत विषम संख्येचे स्वरांश (मूळ सुरासोबत वाजणारे त्याच्या पटीतले वरचे सूर) ठळक आणि सम संख्येचे क्षीण असतात, ती पोकळी त्यातून येते.

दुसरा परिणाम शिकणाऱ्याला चकवतो. सनईत खालचा सा धरून फुंकर आणि ओठांचा दाब वाढवला की वरचा सा येतो. मग तीच बोटं पुढच्या सप्तकात जवळपास तशीच चालतात, म्हणून सात-आठ भोकांत काम भागतं. क्लॅरोनेटमध्ये खालचा सा धरून मागची अंगठ्याची चावी दाबली, तर सा येत नाही. वरच्या सप्तकातला प येतो! सा पासून त्या प पर्यंतच्या मधल्या सगळ्या सुरांची सोय नळीवरच करावी लागते आणि दहा बोटं त्याला पुरत नाहीत. चाव्यांचं जाळं या गरजेतून आलं आहे. मला तर हा या वाद्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. एका सरळ नळीच्या स्वभावातून अख्खी यंत्रणा उभी राहते.

मग आपल्याकडचं क्लॅरोनेटचं नातलग कोण? माझं उत्तर: पावरी. साक्री-नवापूरकडे डोंगऱ्या देवाच्या उत्सवात जी घुमते, तिच्या भोपळ्याच्या आत नळ्यांवर एकेरी पत्त्याच असतात. गारुड्याच्या पुंगीतही तेच. आवाज निर्माण होण्याच्या तऱ्हेने पाहिलं तर बँडमधलं हे विलायती वाद्य सनईपेक्षा सातपुड्या-सह्याद्रीतल्या पावरीला जवळचं आहे.

जन्म मात्र जर्मनीतला. 1700 च्या सुमारास न्यूरेम्बर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर यांनी शाल्युमो नावाच्या साध्या वाद्यात सुधारणा करून ते घडवलं. 1791 मध्ये मोत्सार्टने त्याच्यासाठी कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने एकट्या वाद्याने वाजवायची रचना, लिहिला. आज प्रचलित असलेली चाव्यांची रचना फ्रान्समधले वादक क्लोझे आणि वाद्य घडवणारे ब्युफे यांनी 1840 च्या आसपास बसवली. आपल्याकडे ते फौजी बँडमधून आलं आणि लग्नाच्या बँडमध्ये, तमाशाच्या फडात रुजलं.

मींडेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्यात, सनई सरस, हे मान्य करायलाच हवं. भोकं उघडी, बोट हळूच सरकवता येतं, आणि बिस्मिल्लाह खाँसाहेबांनी तेवढ्यावर रागसंगीताची मैफल उभी केली. क्लॅरोनेटवर ओठांनी आणि अर्धवट उघडलेल्या भोकांनी मींड काढता येते, पण कष्टाने. दक्षिणेत ए. के. सी. नटराजन यांनी त्यावर कर्नाटक संगीत वाजवलं, ते ऐकलं की हा आक्षेप बराच मवाळ होतो.

आपल्या पोराला क्लॅरोनेट शिकवायचं असेल तर दोन गोष्टी. नेहमीचं क्लॅरोनेट काळी पाचचं असतं: वादकाच्या हिशेबातला सफेद एक वाजला की कानाला काळी पाच ऐकू येते. पेटीवाल्याशी हे आधी बोलून घ्यावं. आणि आपलं ऊन. वैशाखात जळगाव-भुसावळला 44 अंशांत लाकडी क्लॅरोनेट बाहेर काढू नये, तडा जातो. प्लॅस्टिकचं चालेल. तापल्या हवेत नळीतला सूर चढतो, कॅसिओ कीबोर्डचा चढत नाही. म्हणून वाजवण्याआधी माउथपीसखालचा छोटा तुकडा, बॅरल, किंचित बाहेर ओढून सूर खाली आणावा.