पाळीव कुत्र्याची नोंदणी आणि मालकाची जबाबदारी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

पाळीव कुत्र्याची नोंदणी म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेकडे शुल्क भरून गळ्यातला बिल्ला आणणे, असा समज सर्वत्र आढळतो. या अर्जावर सही करणारी व्यक्ती मात्र शुल्काहून फार मोठी गोष्ट मान्य करत असते. या प्राण्याने कोणाला चावा घेतला, तो मोकाट सुटला किंवा त्याच्यामुळे शेजाऱ्यांची झोप उडाली, तर त्याचे उत्तर मी देईन, असे ती लिहून देत असते. ग्रेट ब्रिटनमध्ये कुत्र्याचा परवाना १९८७ मध्ये रद्द झाला; परंतु १९९२ च्या आदेशानुसार सार्वजनिक जागी कुत्र्याच्या गळपट्ट्यावर मालकाचे नाव व पत्ता असणे सक्तीचे राहिले आणि ६ एप्रिल २०१६ पासून इंग्लंडमध्ये मायक्रोचिपही (कातडीखाली बसवायची, ओळख क्रमांक असलेली बारीक नळी) बंधनकारक झाली. शुल्काशिवाय शासनाचे भागले, मालकाचे नाव कळल्याशिवाय भागले नाही. अर्ज भरताना हाच हेतू ध्यानात ठेवला, तर कोणते कागद का मागतात हे आपोआप उलगडते.

बहुतेक देशांत कुत्र्यांविषयीचा मूळ कायदा विधिमंडळ करते आणि प्रत्यक्ष नियम स्थानिक संस्था उपविधींच्या रूपाने ठरवते. न्यूझीलंडच्या १९९६ च्या श्वान नियंत्रण कायद्याने प्रत्येक स्थानिक परिषदेला कुत्र्यांविषयीचे धोरण लेखी स्वरूपात मंजूर करणे भाग पाडले आहे. कोणत्या बागेत कुत्रा मोकळा सोडता येईल आणि कोणत्या मैदानावर त्याला अजिबात नेता येणार नाही, हे त्या धोरणातून व उपविधींतून ठरते. इंग्लंड व वेल्समध्ये २०१४ च्या कायद्यानुसार स्थानिक परिषद ठरावीक जागेपुरता असा आदेश काढू शकते. तो एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी असतो आणि मुदत संपण्यापूर्वी वाढवता येतो. म्हणून अर्जापूर्वी आपल्या हद्दीतले उपविधी स्वतः वाचावेत. शेजारच्या हद्दीत राहणाऱ्या नातेवाइकाने सांगितलेला नियम आपल्याकडे लागू असेलच असे नाही, आणि दंडाची पावती हातात पडल्यावर हे कारण ऐकून घेतले जात नाही.

कायद्याच्या नजरेत मालक कोण

पात्रतेचा प्रश्न वयापाशी किंवा पत्त्यापाशी संपतो असे वाटते, पण खरी मेख ‘मालक’ या शब्दाच्या व्याख्येत असते. ज्याने पैसे देऊन पिल्लू आणले तोच मालक, असे कायदा सहसा मानत नाही. ज्याच्या ताब्यात कुत्रा आहे त्यालाही तो मालक धरतो. न्यूझीलंडच्या कायद्यात हरवलेला कुत्रा त्याच्या घरी पोचवण्यासाठी किंवा त्याने कोणाला इजा करू नये म्हणून तात्पुरता ठेवून घेणाऱ्याला ७२ तासांची सवलत आहे. त्यापुढे ताबा राहिला, तर तो ठेवणाराही मालकाच्या व्याख्येत येऊ शकतो. त्याच कायद्यानुसार १६ वर्षांखालील मुलाचा कुत्रा असेल, तर त्याच्यासोबत राहणारे आई, वडील किंवा पालक हेही मालक ठरतात. मुलाच्या हट्टापायी घरी पिल्लू आणणाऱ्या पालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण कुत्रा मुलाचा असला तरी नोटीस त्यांच्या नावाने येते.

एकत्र कुटुंबात किंवा भाड्याच्या घरात अर्ज कोणाच्या नावाने करावा, असे नेहमी विचारले जाते. जी प्रौढ व्यक्ती त्या घरात प्रत्यक्ष राहते, कुत्र्याला फिरवते आणि गरज पडल्यास त्याला आवरू शकते, तिच्याच नावाने अर्ज करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. परगावी राहणाऱ्या भावाच्या नावावर नोंद आणि कुत्रा मात्र वृद्ध आईवडिलांकडे, अशी सोय कागदावर चालून जाते. पण कुत्रा सुटला की दूरध्वनी त्या भावाला जातो आणि तोवर हातातला वेळ निघून गेलेला असतो.

अपात्रतेचीही तरतूद असते. न्यूझीलंडमध्ये २४ महिन्यांत वेगवेगळ्या प्रसंगी तीन किंवा अधिक नियमभंग झाले, तर परिषद त्या व्यक्तीला कुत्रा बाळगण्यास जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकते किंवा तिला परीविक्षाधीन, म्हणजे ठरावीक काळ देखरेखीखालील, मालकाच्या यादीत घालू शकते.

भटक्या कुत्र्यांची नोंद या प्रक्रियेत येत नाही. भारतात २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव आणि रस्त्यावरचे असे दोन वर्ग वेगळे केले आहेत. पाळीव कुत्र्याचे लसीकरण व निर्बीजीकरण ही मालकाची, तर रस्त्यावरच्या कुत्र्यांचे हे काम प्रामुख्याने स्थानिक संस्थेची जबाबदारी मानली आहे.

कागदपत्रे, आणि त्यांतले सर्वांत महत्त्वाचे

ओळखीचा पुरावा, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि कुत्र्याचे ठळक दिसणारे छायाचित्र हे कागद जवळजवळ सगळीकडे लागतात आणि त्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. घर भाड्याचे असल्यास भाडेकरार जोडावा. निर्बीजीकरण झाले असल्यास शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र जोडायला विसरू नये, कारण अनेक स्थानिक संस्था अशा कुत्र्यासाठी शुल्कात सूट देतात. कुत्रा दुसऱ्याकडून घेतला असेल, तर आधीच्या मालकाच्या सहीचे हस्तांतरणाचे पत्र लागते.

रेबीजचा धोका असलेल्या देशांत अर्जाचा कणा म्हणजे रेबीज प्रतिबंधक लसीचे प्रमाणपत्र. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या रोगाने जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे दगावतात आणि माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंतचा संसर्ग कुत्र्यांकडून येतो. परिसरातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस दिली, तर रोगाची साखळी तुटते. म्हणजेच आपल्या कुत्र्याचे प्रमाणपत्र हे सगळ्या वस्तीच्या संरक्षणाचा एक भाग असते. प्रमाणपत्रावर लसीचे नाव, बॅच क्रमांक, लस दिल्याची व पुढील मात्रेची तारीख, पशुवैद्यकाचा नोंदणी क्रमांक आणि सही या गोष्टी आहेत का, हे दवाखान्यातून निघण्यापूर्वीच पाहावे. बॅच क्रमांक किंवा सही राहून गेली, एवढ्यासाठी अर्ज परत येऊ शकतो.

मायक्रोचिप बसवायची असेल, तर ती लसीच्या आधी बसवावी. हा क्रम उलटा झाला तर प्रमाणपत्र केवळ कोणत्या तरी कुत्र्याला लस दिल्याचे सांगते. ती याच कुत्र्याला दिली, हे त्यावरून सिद्ध होत नाही. युरोपीय संघात कुत्रा नेण्याच्या नियमांत म्हणूनच चिप आधी, मग किमान १२ आठवडे पूर्ण झाल्यावर लस, आणि पहिल्या लसीनंतर २१ दिवसांनी प्रवास, असा क्रम घालून दिला आहे. पिल्लू फार लहान असताना आईकडून मिळालेली प्रतिपिंडे (रोगाशी लढणारे रक्तातले घटक) लसीच्या कामात अडथळा आणतात. म्हणून पहिली मात्रा साधारणपणे तीन महिन्यांच्या सुमारास देतात.

चिपमध्ये मालकाचा पत्ता साठवलेला असतो किंवा तिच्यावरून कुत्रा कुठे आहे ते कळते, हा गैरसमज आहे. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या नळीत केवळ १५ अंकी क्रमांक असतो आणि वाचकयंत्र जवळ नेल्यावरच तो दिसतो. त्या क्रमांकासमोर नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असतो तो नोंदणी यादीत. घर बदलल्यावर ती यादी अद्ययावत केली नाही, तर चिप असूनही कुत्रा बेवारस ठरू शकतो.

अर्ज केव्हा आणि कसा करावा

नोंदणीचे वय देशागणिक बदलते. न्यूझीलंडमध्ये पिल्लू तीन महिन्यांचे होईपर्यंत नोंदणी व्हावी लागते आणि तिचे वर्ष १ जुलै ते ३० जून असे धरतात. आयर्लंडमध्ये चार महिन्यांवरील कुत्र्याला परवाना लागतो, तर इंग्लंडमध्ये चिपसाठी आठ आठवड्यांची मर्यादा आहे.

अर्जात कुत्र्याची जात, रंग, लिंग, जन्मतारीख आणि ओळखीच्या खुणा लिहाव्या लागतात. जात निश्चित माहीत नसल्यास अंदाजाने भारदस्त नाव लिहू नये. ‘संकर’ किंवा ‘स्थानिक’ असे प्रामाणिकपणे लिहावे आणि खुणांचे वर्णन मात्र बारकाईने करावे. ‘तपकिरी कुत्रा’ यापेक्षा ‘तपकिरी, डाव्या पुढच्या पायाचा पंजा पांढरा, उजव्या कानाला खाच’ हे वर्णन कोंडवाड्यात त्याची ओळख पटवायला उपयोगी पडते. अर्ज मंजूर झाल्यावर नोंदणी क्रमांक आणि बिल्ला मिळतो. बिल्ला घरात जपून ठेवण्याऐवजी कुत्र्याच्या गळ्यातच असावा. नूतनीकरणाच्या वेळी चालू लसीचे प्रमाणपत्र पुन्हा मागितले जाऊ शकते, म्हणून परवान्याची मुदत आणि लसीची तारीख या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी लिहून ठेवणे सोयीचे असते.

काही कुत्र्यांसाठी वेगळी, अधिक कडक प्रक्रिया आहे. आयर्लंडच्या १९९८ च्या नियमांत नावानिशी दिलेल्या जातींच्या कुत्र्याला सार्वजनिक ठिकाणी मुसके बांधणे, दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या मजबूत साखळीने धरणे आणि त्याला आवरू शकणारी १६ वर्षांवरील व्यक्ती सोबत असणे बंधनकारक आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १ फेब्रुवारी २०२४ पासून एक्सएल बुली प्रकारचा कुत्रा सूट प्रमाणपत्राविना बाळगणे गुन्हा आहे. त्या प्रमाणपत्रासाठी निर्बीजीकरण, चिप आणि त्रयस्थाला होणाऱ्या इजेचा विमा या अटी होत्या. न्यूझीलंडमध्ये कुत्र्याच्या वर्तनावरूनही त्याला धोकादायक ठरवता येते आणि मग त्याला अशा कुंपणात ठेवावे लागते की, घरी येणाऱ्या माणसाला त्या कुंपणात न शिरता किमान एका दारापर्यंत पोचता येईल. टपाल किंवा सामान घेऊन येणाऱ्या माणसाचा एवढा नेमका विचार करणारा नियम मला फार मोलाचा वाटतो. अशा वर्गीकरणाविरुद्ध मालकाला १४ दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि त्यावर सुनावणी होते.

चावा, तक्रार आणि कोंडवाडा

कुत्र्याने कोणाला चावा घेतला, तर पहिले काम जखमेचे. ती साबण व वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावी आणि जखमी व्यक्तीला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. कुत्र्याला लस दिलेली आहे, असे सांगून उपचार लांबवायला लावू नये. त्यानंतर मालकाने लसीचे प्रमाणपत्र दाखवावे आणि रेबीज असलेल्या देशात कुत्रा दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवावा. ज्या कुत्र्याच्या लाळेत चाव्याच्या वेळी विषाणू होता, तो या मुदतीत आजारी पडतो किंवा मरतो. दहा दिवसांनंतरही तो निरोगी असेल, तर त्या चाव्यातून रेबीज झाला नाही, असे मानता येते. घाबरून त्या काळात कुत्रा दुसऱ्या गावी पाठवणे, देऊन टाकणे किंवा मारणे, यांतले काहीही करू नये. त्यामुळे जखमी व्यक्तीच्या उपचारांसाठी लागणारी माहितीच नाहीशी होते, आणि मालकाकडून यापेक्षा मोठा अन्याय होऊ शकत नाही.

तक्रार करणाऱ्याने घटनेची तारीख, वेळ, जागा, कुत्र्याचे वर्णन, बिल्ला क्रमांक दिसला असल्यास तो, साक्षीदारांची नावे आणि जखम असल्यास वैद्यकीय कागद असा मजकूर लेखी द्यावा. भुंकण्याविषयी तक्रार असेल, तर ‘रोज त्रास होतो’ असे मोघम लिहून भागत नाही. दोन आठवडे तारीख, सुरुवातीची वेळ आणि किती वेळ भुंकणे चालले याची नोंद ठेवून ती जोडली, तर अधिकाऱ्याला नोटीस काढण्यास आधार मिळतो. नोटीस आलेल्या मालकाने मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि पोच घ्यावी.

दंडाव्यतिरिक्त फौजदारी कारवाईही होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. इंग्लंडमध्ये २०१४ च्या दुरुस्तीनंतर धोकादायकरीत्या अनावर झालेल्या कुत्र्याचा गुन्हा स्वतःच्या घरात घडला तरी लागू होतो. घरात बेकायदा घुसलेल्याच्या बाबतीत घरमालकाला बचावाची तरतूद आहे.

मोकाट सापडलेला कुत्रा कोंडवाड्यात गेला, तर मुदत फार कमी असते: न्यूझीलंड व इंग्लंडमध्ये सात दिवस, आयर्लंडमध्ये पाच दिवस. ती उलटल्यावर कुत्रा दुसऱ्याला देण्याचा किंवा अन्य विल्हेवाट लावण्याचा अधिकार संस्थेकडे जातो. सोडवून आणताना ओळखपत्र, नोंदणीची पावती आणि ठेवणावळीचे पैसे लागतात. नोंदणी नसेल तर सामान्यतः ती आधी करावी लागते.

नोंदणी झाल्यावर पत्ता बदलला, कुत्रा दुसऱ्याला दिला किंवा तो मरण पावला, तर तेही कळवावे लागते. न्यूझीलंडमध्ये हस्तांतरणाची लेखी सूचना १४ दिवसांत द्यावी लागते. ती दिली नाही, तर नव्या घरी त्या कुत्र्याने केलेल्या नुकसानाची पहिली नोटीस जुन्या मालकाच्या दारात येते. कुत्रा गेल्यावर कार्यालयात जाण्याचे बळ अनेकांना उरत नाही, हे समजण्यासारखे आहे. घरातल्या दुसऱ्या कोणी बिल्ला क्रमांक लिहून साधा अर्ज दिला तरी सहसा चालते. मात्र नोंद रद्द झाल्याची पोच मागून घ्यावी, नाहीतर पुढच्या वर्षी थकीत शुल्काचे पत्र त्याच्या नावाने घरी येते.