ताणामुळे होणारी केसगळती आणि दिनचर्या

शरीरावर किंवा मनावर मोठा ताण येऊन गेला की साधारण दोन-तीन महिन्यांनी डोक्यावरचे केस एकाएकी जास्त गळू लागतात. वैद्यकात या प्रकाराला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली हे नाव देऊन त्याचे वर्णन केले. या गळतीत टक्कल पडत नाही. सगळ्या डोक्यावरचे केस सारखे विरळ होतात, वेणी बारीक होते, भांग रुंद दिसू लागतो. मूळ कारण दूर झाले की बहुतेकांचे केस परत येतात. मात्र ते कारण शोधायचे कुठे, हे कळण्यासाठी केसांचे वेळापत्रक समजून घ्यावे लागते.

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, मग तो जवळपास तीन महिने नुसता मुळाशी टिकून राहतो आणि अखेर गळतो. निरोगी डोक्यावर कोणत्याही वेळी ८५ ते ९० टक्के केस वाढत असतात आणि उरलेले विश्रांतीत असतात. म्हणून रोज ५० ते १०० केस जाणे हे अगदी नेहमीचेच. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, उपासमार किंवा तीव्र मानसिक धक्का बसला, की वाढीत असलेले पुष्कळ केस वेळेआधीच विश्रांतीत जातात आणि तीन महिन्यांनी एकदमच गळतात. डेंग्यू, टायफॉइड आणि कोविडनंतर असंख्य घरांनी हा अनुभव घेतला. म्हणजे दिवाळीत केस गळत असतील, तर कारण गणपतीच्या किंवा त्याआधीच्या दिवसांत शोधायला हवे. लोक मात्र गेल्या आठवड्यात बदललेल्या शाम्पूला दोष देतात. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी नव्या शहरात गेलेली मुले ‘पाणी बाधलं’ म्हणतात, तेव्हाही बोअरच्या पाण्याआधी बदललेली झोप आणि मेसचे जेवण तपासून पाहावे.

फणीत अडकलेला केस उजेडात धरला, तर त्याच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसतो. ‘मुळासकट निघाला’ म्हणून माणूस घाबरतो. प्रत्यक्षात तो ठिपका म्हणजे विश्रांतीतल्या केसाचे कठीण झालेले टोक असते. केस तयार करणारी पिशवी त्वचेतच शाबूत राहते आणि तिथूनच पुढचा केस उगवतो. ही एक गोष्ट नीट कळली तरी निम्मी धास्ती कमी होते. तेही महत्त्वाचे आहे, कारण या आजारात गळतीची काळजी हाच पुष्कळदा नवा ताण होऊन बसतो.

ताणाचा आणि केसांचा संबंध बराच काळ अनुभवावरूनच सांगितला जाई. हार्वर्ड विद्यापीठातील या-चिए शू यांच्या गटाने २०२१ साली उंदरांवरील प्रयोगांतून त्यामागची एक साखळी दाखवली. ताणात मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे संप्रेरक केसाच्या मुळाशी असलेल्या पेशींना गॅस-६ नावाचे प्रथिन तयार करू देत नाही. त्या प्रथिनाचा इशारा मिळाला नाही, तर नवा केस घडवणाऱ्या मूळपेशी (स्टेम सेल) निजलेल्याच राहतात. माणसात हेच जसेच्या तसे घडते असे अजून म्हणता येत नाही. मात्र विश्रांतीचा काळ लांबतो कसा, याचे उत्तर पहिल्यांदाच इतके स्पष्ट हाती आले. याच गटाने २०२० साली ताणामुळे उंदरांचे केस पांढरे होण्याची प्रक्रियाही उलगडली होती. तिचा मार्ग वेगळा, चेतातंतूंमधून जाणारा आहे.

दिनचर्येत पहिला मान झोपेचा. प्रौढ माणसाला रात्री सात तास तरी झोप हवी, आणि ती शक्यतो ठरलेल्या वेळी. ताणाचे संप्रेरक पहाटे चढते आणि रात्री उतरते. जागरणाने, पाळ्यांच्या कामाने आणि अंथरुणात मोबाइल पाहण्याने हा ताल बिघडतो. केसांसाठी महागडे सीरम घेणाऱ्याने आधी झोपेची वेळ नक्की करावी, असे म्हणणे मुळीच वावगे नाही.

झोपेखालोखाल आहार. केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. शरीराला अन्न कमी पडले की जिवाला आवश्यक नसलेल्या केसांवरचा खर्च ते आधी आवरते. लग्नाआधी झटपट वजन उतरवणाऱ्या मुलीचे केस लग्नानंतर गळू लागतात, त्याचे कारण हेच. भारतात लोहाची कमतरता फार मोठी आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. उसळी, डाळी, अंडी, मासे, हिरव्या पालेभाज्या, नाचणी, तीळ आणि बाळंतिणीला देतात ते आळिवाचे लाडू असा घरचाच आहार इथे उपयोगी पडतो. त्यावर लिंबू पिळावे, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतल्याने उलटे होते, आणि ही सवय आपल्याकडे घरोघरी आहे. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या बाईच्या गळत्या केसांवर तेलाचा उपाय सांगणे हा तिच्यावर अन्याय आहे. तिला भरलेले ताट हवे.

व्यायामाने केस थेट वाढत नाहीत. झोप सुधारते आणि मन निवळते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. रोज सकाळी झपझप चालणेही त्यात बसते. प्राणायामाचेही तसेच. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. संथ, दीर्घ श्वसनाने नाडी आणि मन शांत होते, हे आज सर्वमान्य आहे. केस दाट होतात असा दावा त्यापुढे ओढू नये. शीर्षासनाने डोक्यात रक्त उतरून केस येतात, नखावर नख घासल्याने टक्कल जाते, या समजुतींना भक्कम पुरावा नाही.

डोक्याला तेल लावणे ही मराठी घरातली जुनी सवय. तान्ह्या बाळाची टाळू भरण्यापासून नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानापर्यंत ती चालत आली आहे. चरकसंहितेत डोक्याला नित्य तेल लावण्याचे फायदे सांगताना खालित्य म्हणजे टक्कल आणि पालित्य म्हणजे केस पिकणे टळते असे म्हटले आहे, आणि त्याच ओघात सुखाची झोप लागते असेही. आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर यातला झोपेचा भाग अधिक टिकतो. मुंबईत मॅरिको या खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतील रेले आणि मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, धुण्याआधी खोबरेल लावलेल्या केसांतून प्रथिन कमी झिजते असे दिसले. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तो परिणाम साधला नाही. खोबरेलातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरते, हे त्याचे कारण. तेल असे उगवलेल्या केसाला जपते. मुळाशी नवा केस आणत नाही.

तेल लावण्याची पद्धतही महत्त्वाची. कोमट तेल बोटांच्या पेरांनी, नखे न लावता, टाळू हलेल इतक्या दाबाने पाच-दहा मिनिटे जिरवावे आणि तासाभराने न्हावे. खसाखसा चोळल्याने विश्रांतीतले केस लगेच हातात येतात आणि माणूस तेलालाच बोल लावतो. जपानमध्ये ९ पुरुषांनी रोज ४ मिनिटे याप्रमाणे २४ आठवडे मालीश घेतल्यावर त्यांच्या केसांची जाडी किंचित वाढली, संख्या नाही. अभ्यास लहान असल्याने तेवढेच त्याचे मोल. कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवू नये. कोंड्याशी निगडित मॅलासेझिया ही बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच पोसते. आईने मांडीशी बसवून डोक्याला तेल लावून देण्यात जो विसावा आहे, तो मोजपट्टीत येत नाही. ताण उतरवणाऱ्या सवयींत त्याला मानाची जागा द्यायला हरकत नाही.

ओले केस विंचरू नयेत, गुंता टोकाकडून सोडवत वर यावे, घट्ट अंबाडा किंवा ताणलेली पोनीटेल रोज घालू नये. सततच्या ओढीने कपाळाकडचे केस कायमचे जाऊ शकतात. बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेण्याची पद्धत फोफावली आहे. कमतरता नसताना त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. शिवाय त्यांच्यामुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ सालीच तसा इशारा दिला आहे. अ जीवनसत्त्वाचा अतिरेक तर उलट केस घालवतो.

प्रत्येक गळती ताणाची नसते. कपाळाचे कोपरे मागे सरणे किंवा नेमके माथ्यावर विरळ होणे बहुधा आनुवंशिक असते आणि दिनचर्येने थांबत नाही. त्यावर मिनॉक्सिडिलसारखी औषधे आहेत. नाण्याएवढी गुळगुळीत चाई पडते ती रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडाने. २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात अनेक गावांतल्या लोकांचे केस काही दिवसांतच झडले. पाणी, शाम्पू अशा अनेक शंका निघाल्या. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध शिधावाटपाच्या गव्हातील जास्त सेलेनियमशी जोडला. अशा वेळी ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर रुग्णाला परत पाठवणे चूकच. गळती सहा महिन्यांहून लांबली, चट्टे पडले, टाळूला खाज वा वेदना असली, पाळी अनियमित असली किंवा थकवा जात नसला, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि थायरॉइड तपासून घ्यावे.

ताणाची गळती बहुधा तीन ते सहा महिन्यांत ओसरते. बाळंतिणीचे केस पूर्ववत व्हायला वर्षभर लागू शकते. सुधारणेची पहिली खूण म्हणजे भांगाजवळ आणि कपाळावर उभे राहणारे आखूड, टोकदार केस. ते तेलपाण्यानेही बसत नाहीत आणि तुटके म्हणून अनेकजणी कापून टाकतात. तसे करू नये. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे त्यांना खांद्यापर्यंत यायला दोन वर्षांहून अधिक काळ लागतो.