प्रोजेक्टरचा लॅम्प : लावताना, वापरताना आणि टाकून देताना

मागच्या उन्हाळ्यात एका शिकवणी वर्गातला मुलगा प्रोजेक्टरचा जुना लॅम्प घेऊन आमच्या दुकानात आला. लॅम्प स्कूटरच्या डिक्कीत होता, पाना, पेचकस आणि पाण्याच्या बाटलीच्या संगतीत. नागपूरच्या सीताबर्डीच्या गर्दीतून तो शाबूत पोहोचला, हेच नवल. मुलगा म्हणाला, "सरांनी सांगितलं, याचा नंबर दाखवून नवीन आण, आणि हा तिकडेच कुठे फेकून दे." हे पत्रक आम्ही त्या सरांसाठी लिहिले आहे. शाळा, मंगल कार्यालये, लॉनवाले आणि गणेश मंडळे यांनीही वाचावे.

हा घरातला बल्ब नाही. वर्गातल्या किंवा हॉलमधल्या लॅम्पवाल्या बहुतेक प्रोजेक्टरमध्ये पाऱ्याचा उच्च दाबाचा लॅम्प असतो. परावर्तकाच्या (उजेड पुढे फेकणाऱ्या आरशाच्या) मधोमध क्वार्ट्झची, म्हणजे प्रचंड उष्णता सोसणाऱ्या काचेची, एक छोटी कुपी, जेमतेम हरभऱ्याएवढी. तिच्यात दोन टंगस्टनची टोके एकमेकांपासून मिलिमीटरभर अंतरावर, आणि पाऱ्याचे बारीक थेंब. लॅम्प पेटला की पाऱ्याची वाफ होते आणि कुपीतला दाब २०० वातावरणांच्या आसपास जातो (एक वातावरण म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आत साधारण दोन वातावरणे असतात. म्हणजे शंभर पट. म्हणून चालू लॅम्पची पेटी उघडून "जरा बघतो" म्हणू नका. तो उजेड आणि त्यातले अतिनील किरण डोळ्यांनाही घातक आहेत.

लॅम्प पूर्ण थंड झाला की वाफेचे पुन्हा थेंब होतात आणि दाब उतरतो. म्हणून लॅम्प काढायचा तो थंड झाल्यावरच. प्रोजेक्टर रिमोटने बंद करा, पंखा आपोआप थांबेपर्यंत बोर्डाचे बटण दाबू नका, मग प्लग काढा आणि चांगला तासभर जाऊ द्या. बंद केल्यावर लगेच पुन्हा लावला तर तो पेटत नाही, कारण गरम कुपीतला दाब उतरलेला नसतो. अशा वेळी ग्राहक "प्रोजेक्टर बिघडला" म्हणून फोन करतात. बिघडलेला नसतो, थोडे थांबायचे असते. मधल्या सुट्टीत दहा मिनिटांसाठी बंद-चालू करण्यापेक्षा चालूच ठेवलेला बरा. प्रत्येक वेळी पेटताना टोके झिजतात.

नवीन लॅम्प बसवताना काचेला बोट लावू नका. बोटांवरचा घाम आणि तेल काचेवर राहते, पुढे त्या जागी क्वार्ट्झ दुधाळ होते, उष्णता अडकते आणि एक दिवस लॅम्प तिथेच तडकतो. चुकून बोट लागलेच, तर पेटवण्याआधी स्पिरिट लावलेल्या मऊ कपड्याने पुसून कोरडा करा. लॅम्प किती तास चालला ते मोजणारे प्रोजेक्टरमधले घड्याळ शून्यावर आणायचे ते फक्त नवीन लॅम्प लावल्यावर. काही ठिकाणी जुन्याच लॅम्पवर तास शून्य करून इशाऱ्याचा दिवा घालवतात. दिवा जातो, पण क्वार्ट्झचे वय कमी होत नाही, आणि मुदत संपलेला लॅम्पच जास्त फुटतो.

नागपूरचा उन्हाळा हा तर स्वतंत्र विषय आहे. बहुतेक प्रोजेक्टरच्या पुस्तिकेत खोलीच्या तापमानाची मर्यादा ३५ ते ४० अंश लिहिलेली असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारची बॅच चालवायची असेल तर प्रोजेक्टर छताला चिकटवून टांगू नका, गरम हवा वरच साचते. त्यावर उपाय म्हणून कूलरच्या अगदी तोंडासमोर ठेवणारेही आम्ही पाहिले आहेत. कूलरची दमट हवा आणि खसमधून येणारी धूळ, दोन्ही फिल्टरमध्ये बसतात, फिल्टर तुंबला की लॅम्प आतल्या आत भाजतो. फिल्टर महिन्यातून एकदा झटका, लॉनवर वापरत असाल तर प्रत्येक कार्यक्रमानंतर. ऐन कार्यक्रमात लाइट गेली तर पंखाही थांबतो, त्यासाठी छोटा यूपीएस असलेला चांगला.

लॅम्प फुटला तर

फटाक्यासारखा आवाज येतो आणि पडदा काळा होतो. घाबरायचे नाही, पण रेंगाळायचेही नाही. बोर्डाचे बटण बंद, खिडक्या-दारे उघडी, मुलांना बाहेर काढा. पंखा, कूलर, एसी बंद करा, नाहीतर वाफ खोलीभर फिरते. पाऱ्याच्या वाफेला वास नसतो, त्यामुळे "काही जाणवत नाही" याचा अर्थ काही नाही असा होत नाही. अर्धा तास खोलीत कोणी जाऊ नये.

मग एकट्यानेच, रबरी हातमोजे घालून, हातातली सोन्याची अंगठी काढून ठेवून आत जा. पारा सोन्याला चिकटतो आणि अंगठी खराब करतो. झाडू मारू नका, व्हॅक्यूम तर मुळीच नाही, दोन्हींनी पारा उडतो. दोन जाड पुठ्ठ्यांनी काचा गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने टिपा, शेवटी ओल्या कागदाने जागा पुसा आणि हे सगळे, पुठ्ठ्यांसकट, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. प्रोजेक्टरच्या आतल्या काचा तुम्ही काढू नका, तसाच आणा. आमच्या पिढीने थर्मामीटरमधला पारा तळहातावर खेळवला आहे, त्यामुळे अनेकांना हे सगळे अतिरेकी वाटते. अशा लॅम्पमध्ये पारा साधारण १० ते ३० मिलिग्रॅम असतो, पूर्वीच्या सीएफएलमध्ये ५ मिलिग्रॅमपर्यंत असे. एका लॅम्पने आभाळ कोसळत नाही. पण बंद वर्गात रोज बसणारी मुले आणि रोज झाडणाऱ्या मावशी यांचा विचार करा.

टॉकीज आणि मोठी सभागृहे

तुमच्याकडचा झेनॉन वायूचा लॅम्प वेगळा. त्यात पारा नसतो, पण थंड असतानाही आत आठ-दहा वातावरणांचा दाब असतो, पेटल्यावर त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे कपाटात ठेवलेला जुना झेनॉन लॅम्पही भरलेलाच समजायचा. तोंडावर पूर्ण मुखकवच, चामडी हातमोजे आणि जाड जॅकेट घातल्याशिवाय त्याच्या प्लास्टिकच्या पेटीचे झाकण उघडू नका. नवा लॅम्प शेवटच्या क्षणी पेटीतून काढायचा, जुना लगेच त्याच पेटीत घालायचा. गरमी होते म्हणून ऑपरेटर जॅकेट काढून ठेवतात, ते आम्ही चालू देत नाही. बदलायला आम्हालाच बोलवा.

जुना लॅम्प कुठे द्यायचा

घंटागाडीत नाही, कबाड्याला नाही. कबाडी टोकांच्या धातूसाठी लॅम्प हातोडीने फोडतो. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि पारा असलेले दिवे त्यात येतात. ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवेत. एकेक लॅम्प घेऊन तिथपर्यंत जाणे तुम्हाला परवडणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून नवीन लॅम्प ज्या खोक्यात येतो ते खोके आणि आतला फोम टाकू नका. जुना लॅम्प त्यातच घालून, वर तारीख लिहून, आमच्याकडे आणून द्या. लॅम्प आमच्याकडून घेतलेला नसला तरी चालेल, पैसे लागत नाहीत. साठले की आम्ही एकत्र पाठवतो.

फुटलेल्या लॅम्पची बरणी आणणार असाल तर आधी बिलावरच्या नंबरवर फोन करा, काउंटरवर गर्दी नसतानाची वेळ सांगू. झेनॉन लॅम्प मात्र आणू नका, तो न्यायला आमचा माणूस येईल. आणि डिक्कीत काहीच आणू नका, मागे बसणाऱ्याच्या मांडीवर खोके ठेवा.