रॉक बँडची 'उचल' : तरुण वादकांच्या करारांमागचा इतिहास

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर डिसेंबर २०१९ मध्ये यूटू आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले हे परदेशी रॉक बँड वाजवून गेले, तेव्हा त्या गर्दीत ठाणे-नवी मुंबईतली स्वतःचा बँड असलेली मुलेही होती. अशाच एका बँडने कोपरखैरण्याच्या गाळ्यातल्या, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेल्या जॅम रूममध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, मला एका लेबलचा, म्हणजे ध्वनिमुद्रण कंपनीचा, करार वाचायला दिला. बारा पानांत मुलांनी एकच ओळ अधोरेखित केली होती, ती अ‍ॅडव्हान्सच्या रकमेची. ध्वनिमुद्रणाची, म्हणजे मास्टरची, मालकी कायमस्वरूपी लेबलकडे जाईल हे वाक्य नवव्या पानावर होते आणि तिथे पेन्सिल टेकलेलीही नव्हती.

हा अ‍ॅडव्हान्स म्हणजे बिदागी नसते, ऊसतोड कामगाराला मिळते तशी ती उचल असते, आणि ती फिटते कलाकाराच्या वाट्यातून. समजा, उचल एक लाखाची आणि रॉयल्टी, म्हणजे कमाईतला कलाकाराचा वाटा, दहा टक्के आहे; तर गाण्यांनी दहा लाख मिळवून दिल्यावर कुठे ती फिटते, आणि तोवर उरलेले नऊ लाख लेबलकडे जमा झालेले असतात. स्टुडिओचा खर्चही बहुधा याच खात्यावर चढतो. मला यातली सर्वांत अन्यायकारक गोष्ट वाटते ती ही की, उचल फिटल्यावरही मास्टर लेबलचाच राहतो.

ही पद्धत जुनी आहे. १९६२ च्या पहिल्या करारात बीटल्सना एका रेकॉर्डमागे एक पेनी मिळत असे, तीही चौघांत वाटून. १९६६ मध्ये टोनी मॅकॉले या २१ वर्षांच्या इंग्लिश गीतकाराने ५० पौंडांच्या उचलीवर आपली पाच वर्षांची सगळी गाणी एका संगीत-प्रकाशकाला लिहून दिली. गाणी चालली तर मुदत आपोआप दहा वर्षे होणार होती. ती प्रसिद्ध करण्याचे बंधन मात्र प्रकाशकावर नव्हते, आणि महिन्याच्या नोटिशीवर करार मोडण्याची मुभा होती ती फक्त प्रकाशकाला. १९७४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, तो करार अंमलबजावणीस अपात्र ठरवला. पुढच्याच वर्षी, व्यवस्थापकाच्या आर्थिक गोंधळात बुडालेल्या बॅडफिंगर या ब्रिटिश रॉक बँडच्या पीट हॅमने वयाच्या २७ व्या वर्षी आत्महत्या केली.

भारतात १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, मोबदला घेऊन चित्रपटासाठी केलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माताच ठरला. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा करार करूनही काढून घेता येणार नाही, ही तरतूद येण्यास २०१२ ची कॉपीराइट दुरुस्ती उजाडावी लागली. तिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत आग्रहाने बोलले होते. हे संरक्षण चित्रपटाबाहेरच्या गाण्यांनाही आहे, परंतु ते गाणे लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला. ज्या ड्रमरचे नाव गाण्याच्या श्रेयात नाही, त्याच्यापर्यंत ही तरतूद पोचत नाही.

याच कायद्याच्या कलम १९ नुसार हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे मानली जाते. नवव्या पानावर 'कायमस्वरूपी' हा शब्द एकदा आला की, ती पाच वर्षांची मर्यादा लागू होत नाही.