शुक्राणूची शिदोरी

“चाळीस थेंब रक्त आटतं तेव्हा वीर्याचा एक थेंब होतो ना?” विज्ञान शाखेतून पदवी घेतलेल्या एका तरुणाने परवा हे अगदी गंभीरपणे विचारलं. नाही, रक्त आटत नाही. शुक्राणू वृषणात पेशीविभाजनातून तयार होतात, सेकंदाला हजाराच्या घरात. बाकीचा द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथी पुरवतात. या एका समजुतीवर भिंतीभिंतीवरच्या जाहिरातींचा धंदा चालतो आणि कोवळी मुलं विनाकारण धास्तावतात, याचा मला मनापासून राग येतो. पण त्याचा पुढचा प्रश्न मोलाचा होता: “मग तो एवढा पोहतो कशावर?”

पुस्तकी उत्तर आहे फ्रुक्टोज. वीर्यातली साखर फ्रुक्टोज असल्याचं केंब्रिजच्या थॅडियस मान यांनी १९४६ मध्ये दाखवलं. शेपटीच्या लांब भागात साखर फोडणारी एन्झाइमंही ठासून भरलेली असतात. एवढ्यावर गोष्ट संपत नाही. त्याआधीच, १९४१ मध्ये, विस्कॉन्सिनच्या लार्डी आणि फिलिप्स यांनी वळूच्या शुक्राणूंवर काम करून सांगितलं होतं, की साखर नसली तरी ते आपल्याजवळची फॉस्फोलिपिडं, म्हणजे पटलातले मेद, वापरून हालचाल चालू ठेवतात. मानवी शुक्राणूच्या शेपटीतल्या प्रथिनांची यादी बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये केली, तेव्हा तीत मेदाम्लं (मेदाचे घटक) जाळणारी एन्झाइमं सापडली. ते ज्वलन रोखणारं एटोमॉक्सिर दिल्यावर शुक्राणूंची चाल मंदावली.

एटोमॉक्सिर नेमकं कुठे अडवतं, तो टप्पा मला फार आवडतो. शुक्राणूच्या मानेखाली तंतुकणिका (मायटोकाँड्रिया), म्हणजे पेशीची ऊर्जाघरं, दोरा गुंडाळावा तशा बसलेल्या असतात. मेदाम्लाच्या लांब साखळीला को-एन्झाइम ए नावाचं मदतनीस रसायन जोडावं लागतं. त्यासाठी दोन एटीपींइतकी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या दोन नाण्यांइतकी, ऊर्जा आधीच मोजावी लागते. तरीही तंतुकणिकेचं आतलं पटल तिला ओलांडता येत नाही. मग साखळी को-एन्झाइम ए सोडून कार्निटीन या वाहक रेणूच्या खांद्यावर बसते, पलीकडे उतरते आणि आतल्या को-एन्झाइम एला चिकटते. रिकामं कार्निटीन नावाड्यासारखं पुढची साखळी आणायला परत फिरतं. एटोमॉक्सिर साखळीला कार्निटीनवर चढूच देत नाही.

आत गेल्यावर चार पायऱ्यांचं एक चक्र सुरू होतं: हायड्रोजन काढायचे, पाणी घालायचं, पुन्हा हायड्रोजन काढायचे, दोन कार्बनांचा तुकडा तोडायचा. त्या हायड्रोजनांबरोबरचे इलेक्ट्रॉन श्वसनसाखळीकडे जातात आणि तुकडे क्रेब्ज चक्रात, म्हणजे एटीपी मिळवून देणाऱ्या यंत्रणांत. पामिटिक आम्ल या मेदाम्लात १६ कार्बन, म्हणजे सात फेऱ्या, आठ तुकडे. आगाऊ खर्च वजा जाता १०६ एटीपी हाती लागतात. ऑक्सिजनशिवाय फोडलेलं ग्लुकोज देतं फक्त दोन.

कार्निटीन शरीर स्वतः बनवतं, लायसीन आणि मेथिओनीन या अमिनो आम्लांपासून, यकृत आणि मूत्रपिंडांत. अधिवृषण, म्हणजे वृषणाला लागून असलेली वेटोळी नळी, ते रक्तातून खेचून साठवतं, अगदी रक्तातल्या प्रमाणाच्या दोन हजार पटींपर्यंत, आणि शुक्राणू परिपक्व होतात ते तिथेच. आता हेच कार्निटीन ‘पुरुषत्व वाढवणाऱ्या’ महागड्या पुड्यांत विकलं जातं. अमेरिकेत १७० हून अधिक जोडप्यांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कार्निटीनसह जीवनसत्त्वं, सेलेनियम आणि जस्त असलेल्या गोळ्यांनी शुक्राणूंची संख्याही सुधारली नाही आणि चालही नाही.

मेदाची दुसरी बाजू धोक्याची आहे. शुक्राणूच्या पटलात डीएचए हे मेदाम्ल भरपूर असतं: २२ कार्बन, सहा दुहेरी बंध. त्यामुळे पटल लवचीक राहतं, पण हेच बंध ऑक्सिजनच्या आक्रमक रूपांना लवकर बळी पडतात. पेशीद्रव जवळजवळ सगळा टाकून दिलेल्या या पेशीकडे बचावाची एन्झाइमं थोडीच उरतात. १९४३ मध्ये जॉन मॅक्लाउड यांनी मानवी शुक्राणू भरपूर ऑक्सिजनमध्ये ठेवले, तर त्यांची हालचाल थांबत गेली. हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारं कॅटलेज सोबत घातलं, तेव्हा ते पोहत राहिले.