विधवेच्या दोन टोल्या

जवळ असलेले थोडकेच देवाच्या आणि गरजवंताच्या स्वाधीन करणे, या ख्रिस्ती दानविचाराचे हे पारंपरिक प्रतीक आहे. त्याचा आधार मार्क (१२:४१–४४) आणि लूक (२१:१–४) या शुभवर्तमानांतील, म्हणजे बायबलातील येशूच्या चरित्रग्रंथांतील, एका लहानशा प्रसंगात आहे. येरुशलेमच्या मंदिरात येशू भांडारासमोर, म्हणजे दान टाकण्याच्या जागेसमोर, बसला असता धनवान लोक पुष्कळ पैसे टाकत होते. तेवढ्यात एका दरिद्री विधवेने दोन टोल्या, म्हणजे एक दमडी, टाकली. मराठी बायबलात जिला टोली म्हटले आहे ते ‘लेप्टन’ हे तांब्याचे सर्वांत हलके नाणे होते. एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी, आणि दोन टोल्या म्हणजे तिचा चौसष्टावा भाग.

इतरांनी आपल्या समृद्धीतून टाकले, हिने मात्र आपली सगळी उपजीविका टाकली, असे येशू शिष्यांना सांगतो. येथे मूळ ग्रीकमध्ये ‘बिऑस’ हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ उपजीविका असा होतो, तसाच जीवन असाही. दान किती दिले यापेक्षा दिल्यावर हातात काय उरले, हे माप या प्रसंगाने ठरवले. नाणी दोन होती, तेव्हा एक मागे ठेवणे तिला शक्य होते. हा तपशील सहज नजरेतून निसटतो.

तथापि, हा उतारा गरिबाकडून शेवटचा पैसा मागण्यासाठी वापरणे चुकीचे ठरेल. मार्कमध्ये याच्या लगेच आधी विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांचा, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या पंडितांचा, निषेध आहे आणि लगेच नंतर मंदिराच्या विध्वंसाचे भाकीत आहे. या संदर्भावरून येशूच्या उद्गारांत स्तुतीपेक्षा खेद अधिक आहे, असे मत बायबलचे अभ्यासक ॲडिसन राइट यांनी १९८२ मध्ये मांडले. खेद आणि आदर ही दोन्ही वाचने एकत्र नांदू शकतात, कारण व्यवस्था अन्यायी असली म्हणून त्या स्त्रीचे देणे खोटे ठरत नाही.

हाच विचार बायबलात इतरत्रही आढळतो. अर्पणासाठी मेंढरू परवडत नसल्यास दोन होले किंवा पारव्याची दोन पिले चालतील, अशी मुभा जुन्या करारातील लेवीय पुस्तकात आहे, आणि येशूच्या आईवडिलांनी असेच अर्पण केल्याचे लूक नोंदवतो. सारफथच्या विधवेने मूठभर पिठातून एलीया संदेष्ट्याला भाकर दिली. योहानाच्या शुभवर्तमानात एका मुलाजवळच्या जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या पुढे येतात. सेवेच्या बाबतीत येशूचा शिष्य पेत्र याचे उदाहरण बोलके आहे : सोनेरुपे नसताना, जे आहे ते देतो म्हणून त्याने पांगळ्याला हात दिला.

प्रेषित पौलाने करिंथकरांस, म्हणजे करिंथ नगरातील ख्रिस्ती लोकांस, लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (८:१२–१३) याला मर्यादाही घातली. उत्सुकता असली की, ज्याच्याजवळ जसे असेल तसे दान मान्य होते, नसलेल्याची अपेक्षा नाही. आणि इतरांचा भार हलका करताना देणाऱ्यावर ओझे पडावे, असाही हेतू नाही. येरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत तर रोजच्या वाटपात काही विधवांची उपेक्षा होत असल्याची तक्रार येताच, त्या कामासाठी सात जणांची नेमणूक झाली.